टाकी फुल्ल, चाक मोकळं

आमच्या जीपच्या डाव्या खणात एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही असते. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तशी. पानावर हाताने आखलेले पाच रकाने होते: तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘कापसाच्या गोण्या’, ‘सहा माणसं, चोपडा’, ‘हवा भरली’, ‘बोरीला पाणी, फोर बाय फोर’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. ब्रेकसाठी रकाना नव्हता. तरीही आमच्या गाडीचा ब्रेक बरोबर नाही, हे मला या वहीनेच आधी सांगितलं. पायाला ते कळलं नव्हतं. पाय उलट खूश होता, कारण ब्रेक नुकताच नवा बसवून घेतला होता.

ती हकीकत पुढे येईल. ब्रेकबद्दल आपण गॅरेजमध्ये बोलतो आणि ॲव्हरेजबद्दल पारावर, म्हणून या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. गाडीच्या लेखी हा एकच हिशेब आहे. इंजिन डिझेल जाळून गाडीला वेग देतं आणि ब्रेक तो वेग उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देतो. जे इंजिनाने कमावलं, ते ब्रेकने उडवलं.

आकडा मांडून पाहू. माणसं आणि सामान धरून दोन टनांची जीप ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर तिच्या अंगात सुमारे 2,78,000 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 3 कोटी 60 लाख ज्यूल असतात, पण जुन्या डिझेल इंजिनातून त्यातला चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक एवढाच चाकापर्यंत पोचतो. भागाकार केला की 28 ते 30 मिलिलिटर असं उत्तर येतं. स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे. पारोळ्याच्या रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला, साठवरून गाडी पूर्ण थांबवली आणि पुन्हा साठवर नेली, की दोन चमचे डिझेल ब्रेकच्या ड्रममधून वाफेसारखं निघून जातं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गर्दीत अमळनेरातून गाडी काढून पाहा, चमच्यांची वाटी कधी होते ते कळत नाही.

तरीही ब्रेक दाबायलाच हवा. म्हशीपेक्षा दोन चमचे डिझेल मोठं नाही आणि माणसापेक्षा तर नाहीच. म्हणून चांगल्या ब्रेकची माझी व्याख्या दोन अंगांची आहे. पाय ठेवला की तो पूर्ण धरला पाहिजे आणि पाय काढला की पूर्ण सोडला पाहिजे. पहिल्या अंगाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुसऱ्या अंगाची नोंद वहीत होते.

खानदेशात जीप आली ती कामासाठी. काळ्या रानातून, नाल्यातून, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत जायला दुसरी गाडी नव्हती. 1945 साली लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी 1948 साली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडण्यापासून या कंपनीचं गाड्यांचं काम सुरू झालं. आज त्याच घराण्यातली थार आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये बनते. 2010 सालची पहिली थार आणि 2020 सालच्या 2 ऑक्टोबरला बाजारात आलेली नवी थार, दोन्ही खानदेशातल्या रस्त्यांवर दिसतात. पण शेतावर, वीटभट्टीवर आणि लग्नाच्या वऱ्हाडात अजून राबतात त्या बहुतेक जुन्या जीपा, आणि त्यांतल्या कितीतरी जीपांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं एक उथळ पातेलं. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू आणि त्यांवर चिकटवलेलं किंवा रिव्हेट मारलेलं लायनर. पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत दाब नेतं, व्हील सिलिंडरमधले दोन लहान पिस्टन बाहेर सरकतात आणि शू पातेल्याच्या आतल्या भिंतीला जाऊन भिडतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. तो इथे पायाखाली काम करतो. ड्रमचा एक मोठा गुण असा, की फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे थोड्या जोरातही पकड चांगली बसते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेल्या जीपा इतकी वर्षं चालल्या त्या याच्याच जिवावर.

त्याचा दोषही त्याच पातेल्यात आहे. उष्णता आत कोंडते. छत्रपती संभाजीनगरकडून घरी येताना चाळीसगावच्या अलीकडे कन्नडचा घाट उतरावा लागतो. जुनी माणसं त्याला औट्रम घाट म्हणतात. 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला चिकटलं आहे. अशा एखाद्या घाटात दोन टनांची गाडी 300 मीटर खाली उतरते असं धरा. तेवढ्या उंचीची ऊर्जा 59 लाख ज्यूल होते, म्हणजे अठरा-एकोणीस लिटर पाण्याला उकळी यावी एवढी. त्यातला जवळपास निम्मा वाटा टायरचं घर्षण आणि वारा खातात. उरलेला वाटा इंजिनाने घ्यायचा किंवा ब्रेकने. गाडी न्यूट्रलवर सोडून सगळा भार ब्रेकवर टाकला आणि चारही ड्रमचं मिळून तीस किलो लोखंड धरलं, तर वाऱ्याने थंड होण्याआधी ते दोनशे अंशांहून अधिक तापायला हवं. मे महिन्यात सुरुवातच चाळिसाच्या पुढून होते.

एवढ्या तापात दोन गोष्टी होतात. ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जायला लागतं. लायनरची पकडही सुटते. पाय तोच, जोर तोच, पण गाडी ऐकत नाही. चालक घाबरून आणखी जोरात दाबतो, त्याने ताप आणखी वाढतो. जळक्या लायनरचा उग्र वास ज्याने घाटात एकदा घेतला, तो पुढच्या वेळी वरच्या वळणावरच दुसरा गिअर टाकतो. जुना नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार फारच खडा असला, समजा सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याची खडीची वाट, तर फोर बाय फोरचा लो गिअर टाकावा. त्यात साधारण अडीचपट घट मिळते, इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं आणि ब्रेकला जेमतेम हात लावावा लागतो.

आता ब्रेक ऑइलबद्दल. आमचं गाव अमळनेर, तेलाचं. 1945 सालच्या डिसेंबरात इथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली, जी पुढे विप्रो झाली. त्यामुळे तेल या शब्दाचं आम्हाला अप्रूप नाही, पण ब्रेक ऑइलच्या बाबतीत हा शब्द चकवतो. आपल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल मुळात तेल नाही. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे. त्यात चुकून इंजिन ऑइल किंवा दुसरं कोणतंही खनिज तेल पडलं, तर आतले सगळे रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक जाम होतो. दुसरं, हे द्रव हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट 3 प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, डॉट 4 चा 230. ओल शोषल्यावर ही किमान मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 वर येते. घाटात व्हील सिलिंडर तापला की हे जुनं द्रव आत उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे नेत नाही. पेडल थेट तळाला टेकतं. अर्ध्या तासाने गाडी थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून मालकाला वाटतं काही झालंच नव्हतं. दर दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदलून एअर काढून घेणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, आणि ती करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

काळ्या मातीचा त्रास वेगळा. पावसाळ्यात ती ड्रमच्या मागच्या पत्र्यातून आत शिरते आणि उन्हाळ्यात वाळून पॉलिश पेपरसारखी घासत राहते. नदी-नाला ओलांडला की ड्रममध्ये पाणी साचतं आणि पुढचे दोन-तीन ब्रेक नुसते घसरतात. पलीकडच्या काठावर चढल्याबरोबर चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून ठेवावा, लायनर तापून पाणी सुकतं. ही सवय आमच्याकडच्या जुन्या चालकांच्या अंगात इतकी भिनलेली आहे, की कोरड्या दिवसातही पूल उतरल्यावर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

डिस्क ब्रेक हे सगळं उघड्यावर करतो. चाकाबरोबर एक चकती फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरतो. उष्णता सरळ वाऱ्याला मिळते आणि पाणी फिरत्या चकतीवरून फेकलं जातं. तापून चकती फुगली तरी ती पॅडच्या दिशेने फुगते, पेडल खोल जात नाही. 1953 साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून जिंकल्या आणि जगाची खात्री पटली. त्या शर्यतीत पहिल्या फेरीत ब्रेक चांगला लागणं पुरेसं नव्हतं. मध्यरात्रीनंतरही तो तसाच लागायला हवा होता. गोष्ट तिथे आहे.

म्हणून डिस्क बसवून घेणाऱ्याला मी आधी एक प्रश्न विचारतो: जोरात दाबल्यावर तुझी चाकं आत्ता लॉक होतात का? होत असतील, तर सपाट रस्त्यावर थांबायचं अंतर डिस्कने फारसं कमी होणार नाही. तिथे मर्यादा टायरच्या पकडीची आहे. गुळगुळीत झालेल्या टायरवर महागडी डिस्क बसवणं म्हणजे पैसे नको तिथे घालणं. ताशी 60 वर एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि हे अंतर कोणताच ब्रेक वाचवत नाही. डिस्कचा फायदा मिळतो तो घाटातल्या दहाव्या वळणावर, नाल्यातून बाहेर पडल्यावर आणि दोन्ही बाजूंची पकड सारखी राहण्यात, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही यात.

डिस्क घेण्याआधी जे आहे ते जागेवर आणावं, असं माझं ठाम मत आहे. ड्रमला आतून कड पडली असेल तर लेथवर मारून घ्यावा, पण त्यावर कोरलेल्या कमाल मापाच्या पुढे नाही. ऑइल सील गळून ग्रीस किंवा ऑइलने भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नये, ते टाकून द्यावं. एका बाजूचं लायनर बदललं तर दुसऱ्या बाजूचंही बदलावं. साफ करताना ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाण्याने धुवावं. गॅरेजमधल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या तोंडासमोर ही धूळ उडताना मी पाहिली आहे, आणि दर वेळी मला ते सहन होत नाही. एक तर ते वय शाळेचं, त्यात ही धूळ.

यानंतरचा खर्च जुळ्या मास्टर सिलिंडरवर करावा. जुन्या जीपांत एकच मास्टर आणि एकच वाट असायची, एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. जुळ्या मास्टरमध्ये पुढची आणि मागची वाट स्वतंत्र असते, एक फुटली तरी दुसरी हाताशी राहते. डिस्क येते त्याच्या नंतर, आणि ती एकटी येत नाही. डिस्कला ड्रमसारखी स्वतःला ओढून घेण्याची खुबी नसल्याने तिला जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने जास्त द्रव लागतं, म्हणून मास्टरचं माप बदलतं. पुढे जोर वाढला की मागचा तोलही पाहावा लागतो. जुन्या जीपची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबी जेमतेम दोन मीटर आणि उंची भरपूर, त्यामुळे ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं. अशा वेळी मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

कायद्याचंही पाहून घ्यावं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणून काम सुरू करण्याआधी एमएच 19 असो की एमएच 18, आपल्या आरटीओत विचारावं, आणि भाग शक्यतो त्याच कंपनीच्या, त्याच वजनाच्या नंतरच्या मॉडेलचे घ्यावेत. भंगारातून वजनावर आणलेला कॅलिपर घेऊ नये.

बूस्टरवरून एक सवय आठवते, जी डिझेल वाचवायच्या नावाखाली माणसं मारते. बूस्टरला निर्वात लागतो. पेट्रोल इंजिनात तो आपोआप मिळतो, कारण तिथे हवेचं दार मिटत-उघडत असतं. जुन्या डिझेल इंजिनात असं दार नसतं, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर दोन-तीनदा ब्रेक लागतो आणि मग पेडल दगड होतं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक मी लळिंगच्या उतारावर पाहिले आहेत. न्यूट्रलवर सोडणारे तर गावोगाव आहेत. दोघांचाही हिशेब चुकतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा फवारा पूर्ण बंद होतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. जुन्या इंजिनाच्या डिझेल पंपाचा गव्हर्नरही जवळजवळ तेच करतो. न्यूट्रलवर मात्र इंजिनाला स्वतः धडधडत राहायला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जळतं आणि ब्रेकही जास्त जळतो.

आता वहीकडे. ॲव्हरेज काढायची खात्रीची रीत एकच: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. काट्यावरून अंदाज करणं किंवा ‘पाचशेचं टाकलं आणि इतकं चाललं’ हे खरं नाही. पंपावर गाडी सपाट जागी उभी करून नोझल आपोआप तुटेपर्यंत भरायचं, वर गळ्यापर्यंत ओतायचं नाही. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूने उभं करून पुन्हा तुटेपर्यंत भरायचं. मधले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण नोझल एखादा लिटर आधी-नंतर तुटतंच. तीन भरण्यांची बेरीज करून काढलेला आकडा बोलायला लागतो.

किलोमीटर तरी खरे आहेत का? टायरचं माप बदललं की मीटर खोटं बोलतं. 215/75 आर 15 या टायरचा व्यास हिशेबाने 703.5 मिलिमीटर येतो. त्याच रिमवर हौसेने 235/75 आर 15 चढवला तर तो 733.5 होतो. फरक सव्वाचार टक्क्यांचा. मीटर 100 दाखवतं तेव्हा गाडी 104 चालून गेलेली असते, वेगही तेवढाच जास्त असतो आणि मालक म्हणतो मोठ्या टायरने ॲव्हरेज घसरलं. थोडं घसरतंच, पण त्यातला काही भाग निव्वळ मोजमापाचा असतो. मोठा टायर ब्रेकवरही भार टाकतो. चाकाची त्रिज्या वाढली की तीच गाडी थांबवायला पेडलवर तेवढाच जादा जोर लागतो. मीटर तपासायला मी पारोळा-एरंडोलच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग 53 वरचे किलोमीटरचे दगड वापरतो. वीस दगड मोजायचे आणि मीटरशी ताडून पाहायचं. निघालेला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

कंपनी सांगते तो आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाही म्हणून लोक चिडतात. ठरवून दिलेल्या चाचणीत गाडी रोलरवर उभी करून आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. तिथे बोरी नदीचं पात्र नसतं, गोण्या नसतात आणि खड्डेही नसतात. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला आहे. आपली वही आपल्या गाडीची तिच्याशीच तुलना करते, आणि मला त्याचाच उपयोग होतो.

कमी ॲव्हरेजच्या गाडीला वहीची गरज जास्त असते. लिटरला 8 देणारी जीप 10 वर आणली, तर हजार किलोमीटरला 125 ऐवजी 100 लिटर लागतं, 25 लिटर वाचतात. लिटरला 18 देणारी मोटार 20 वर नेली तर वाचतात जेमतेम साडेपाच लिटर. दोन्हीकडे सुधारणा दोनचीच. म्हणून ‘जीपचं कसलं ॲव्हरेज बघायचं’ हे वाक्य मला पटत नाही. पाहायचं तर जीपचंच. टायरमधली कमी हवा, कारणाशिवाय लावून ठेवलेला कॅरिअर, डांबरी रस्त्यावरही तसाच ठेवलेला फोर बाय फोर, यातलं प्रत्येक वहीत उतरतं. जुन्या जीपांत मध्ये डिफरन्शिअल नसतं. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर चालतात, आणि डांबरावर त्यांना घसरायला जागा मिळत नाही, म्हणून टायर घासतात आणि गिअर ताणले जातात. चिखल संपला की टू व्हील टाकावा आणि पुढच्या चाकांना लॉक हब असतील तर खाली उतरून ते मोकळे करावेत.

आता ती हकीकत. आमच्या जीपचे पुढचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतल्या, एका ओळखीच्या गॅरेजमध्ये. कॅलिपर नवे, पॅड नवे, बूस्टरही बसवला. मास्टर सिलिंडर मात्र चांगल्या स्थितीत आहे म्हणून जुनाच ठेवला. गाडी घेऊन निघालो तेव्हा फार आनंद झाला. हलक्या पायाने गाडी जागच्या जागी थांबत होती. शेऱ्यात ‘डिस्क’ असं ठळक लिहिलं.

त्याआधीच्या तीन भरण्यांचे आकडे होते 11.3, 11.0, 11.2. नंतरचे आले 10.1, 9.9, 10.0. पहिल्या वेळी वाटलं नोझल लवकर तुटलं असेल. दुसऱ्या वेळी हवा तपासली, ती बरोबर होती. पॅड नवे आहेत, बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, असंही मनाला समजावलं. तिसऱ्या आकड्यानंतर समजूत संपली. चोपड्याहून तापी ओलांडून आलो, घरासमोर उभा राहिलो आणि चारही चाकांच्या जवळ हात नेऊन पाहिला. मागची चाकं कोमट. पुढच्या दोन्ही चाकांपाशी हात ठेववत नव्हता, आणि वाटेत ब्रेक फारसा लागलाच नव्हता.

यावेळी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, ज्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी काही विचारलं नाही. पुढचं चाक जॅकवर उचललं, हाताने गरकन फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक हळूच थांबलं. पॅड चकतीवर घासल्याचा बारीक ‘स्सss’ असा आवाज येत होता. “चाक मोकळं नही शे, भाऊ,” नाना म्हणाले. मग त्यांनी कॅलिपरची एअर काढायची निप्पल पाव फेरा सैल केली. पेडलला कोणी हात लावलेला नव्हता, तरी द्रवाची एक छोटी पिचकारी उडाली. चाक पुन्हा फिरवलं, ते फिरतच राहिलं. म्हणजे पाय काढल्यावरही नळीत दाब अडकून राहत होता.

दोष कॅलिपरचा नव्हता. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक बारीक झडप असते. पाय काढल्यावरही ती नळीत थोडासा दाब मुद्दाम धरून ठेवते, हवेच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश एवढा. त्यामुळे व्हील सिलिंडरचे रबरी वॉशर फुललेले राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये शूंना मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांच्यापुढे हा दाब काहीच नाही. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. पिस्टनचं रबरी सील किंचित पिळलं जातं आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं, एवढीच त्याची परतीची ताकद. ड्रमला राखणारी झडप डिस्कला जाम करते.

घरी येऊन हिशेब मांडला. 11.2 म्हणजे शंभर किलोमीटरला 8.9 लिटर, 10.0 म्हणजे दहा लिटर. एक लिटरहून थोडं जास्त डिझेल दर शंभर किलोमीटरला कशात जात होतं? तेवढ्या डिझेलमधून चाकापर्यंत पोचणारी ताकद म्हणजे गाडीला मागून शंभर न्यूटनने ओढणं. साधारण दहा किलोचं गाठोडं विहिरीतून वर ओढायला लागतो तेवढा जोर, सतत. ताशी 60 ला त्याची उष्णता होते प्रत्येक पुढच्या चाकात आठशे वॅटच्या आसपास. दोन चाकांत दोन पेटत्या शेगड्या ठेवून मी चोपड्याला जाऊन-येऊन होतो. याच तापलेल्या ब्रेकवर कन्नडचा घाट उतरलो असतो, तर पहिल्या वळणालाच ते निम्मे थकलेले असते. पायाला यातलं काहीच कळत नव्हतं, कारण पेडल घट्ट आणि हलकं लागत होतं. ज्याला मी ब्रेकचा गुण समजत होतो, तो थोडासा या अडकलेल्या दाबाचाच परिणाम होता.

नानांनी डिस्कसाठीचा जुळा मास्टर बसवला. पेडलच्या सळईला केसभर मोकळीक ठेवली, कारण ती नसली तरी हाच प्रकार होतो. मागच्या ड्रमचे शू पुन्हा ॲडजस्ट केले: चाक फिरवत फिरवत आवळायचं, घासलं की किंचित सैल सोडायचं. सगळं ब्रेक ऑइल नवं घातलं. एअर काढताना त्यांचा नातू पेडलवर बसला होता. नाना खालून “दाब” म्हणायचे, तो दाबून धरायचा, आणि “सोड” म्हटल्याशिवाय त्याने एकदाही पाय उचलला नाही.

पुढची तीन भरणी 11.1, 11.3, 11.0. मधल्या एका फेरीत पाच माणसांसह कन्नडचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि चाळीसगावात चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांपाशी हात नेऊन पाहिला. त्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं आहे: ‘घाट. पाच माणसं. पुढची गरम, मागची कोमट, वास नाही.’ वहीत आता सहावा रकाना आखला आहे. त्याच्या डोक्यावर ‘चाकं’ असं लिहिलंय.